शांतव्वाचे दहा वेढे

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. शांतव्वा हिरेमठ तिसऱ्या मजल्यावर राहते आणि मी पहिल्या. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला ती शाळेतून येते, माझ्या दाराशी कठड्याला धरून उभी राहते, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते आणि मग उरलेले दोन मजले चढते. एकोणीस वर्षं मी हे बघत आलोय. पूर्वी त्या थांब्यात ती दोन-चार वाक्यं बोलायची. "आण्णा, चहा झाला काय?" "आण्णा, पाय कसा हाय आता?" गेल्या जुलैपासून ती नुसतीच उभी राहते.

शांतव्वा गणिताची शिक्षिका. गाव गडहिंग्लजच्या पलीकडचं. घरात कन्नड, शाळेत मराठी. नवरा प्रभुलिंग सात वर्षांपूर्वी गेला, मुलगी बंगळूरला असते. सत्तावन्न वर्षांची ही बुटकी बाई, कोपरावर कायम खडूचा डाग, आणि शाळेत जाताना जेवढी पाठ वाकलेली तेवढीच येताना. थकवा हा तिचा जणू रोजचा पोशाख आहे. तास घ्यायचे, वह्या तपासायच्या, हजेरी मोबाईलवर भरायची, शिकवलेल्याचे फोटो टाकायचे, टाकल्याचं परत कागदावर लिहून द्यायचं. एकदा म्हणाली होती, "आण्णा, शिकवायला चाळीस मिनिटं लागत्यात आणि शिकवलंय म्हणून दाखवायला एक तास."

पण आवाज! मी पंचेचाळीस वर्षं नाटकात काढली. फिरत्या कंपनीत राजे केले, दरोडेखोर केले, म्हातारपणी मुलीचे बाप केले. आवाजाची पारख हे माझं पोट होतं. तिची शाळा शाहूपुरीत, वरती पत्रे, बाहेर ट्रकचा भोंगा. मी भाजी आणायला त्या रस्त्याने जायचो तेव्हा खिडकीतून तिचा आवाज यायचा. ओरडल्यासारखा कधीच नाही, पण शेवटच्या बाकावरच्या पोराच्या कानात नेमका जाऊन बसणारा. आमच्यातल्या भल्याभल्यांना तो जमला नव्हता.

तोच जुलैत गेला. स्वरतंतूंवर गाठी आल्या. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. पुढचं पुढं बघू.

दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापक गुरुप्रसाद सर तिला भेटायला आले. तिला बोलता येईना म्हणून तिने मला वर बोलावून घेतलं. ती पाटीवर लिहायची, मी मोठ्याने वाचायचो. म्हातारपणी पुन्हा दुसऱ्याचे संवाद वाट्याला आले.

गुरुप्रसाद सर मनाने सरळ माणूस. चहाचा कप हातात धरून म्हणाले, "बाई, तुमची रजा साठलीया, ती घ्या. दहावीला मी त्या ऑनलाईन शिकवणीवाल्या कंपनीचे तयार तास लावतो. माजी विद्यार्थ्यांनी एवढा मोठा टीव्ही दिलाय, नुसता भिंतीला कशाला टांगायचा? भारी असत्यात ओ ते तास. चित्रं काय, संगीत काय!"

शांतव्वाने लिहिलं, मी वाचलं, "त्या तासाला मुलांना प्रश्न विचारता येतात?"

"कशाला विचारायचे? सगळं सांगतंयच की ते."

तिने पाटी पुसली आणि बराच वेळ लिहीत राहिली. मी वाचलं, "ही माझी शेवटची दहावी. मार्चमध्ये त्यांची परीक्षा, मेमध्ये माझी निवृत्ती. मला हा वर्ग सोडायचा नाही."

शेवटच्या 'नाही'वर मी जरा वजन दिलं. सवय. शांतव्वाने माझ्याकडे डोळे वटारले.

सर हसले, मग गंभीर झाले. "आण्णा, मी काय बाईंचा वैरी हाय व्हय? पण उद्या पालक दारात आले तर तोंड कुणी द्यायचं? सहामाहीपर्यंत बघूया. बोलता न येता कसं शिकवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. भूमितीत वर्ग घसरला, तर मात्र मी टीव्ही लावणार. राग मानायचा न्हाई."

दोन दिवसांनी शांतव्वा माझ्याकडे आली ती एक काच तडकलेला जुना मोबाईल घेऊन. टाळेबंदीच्या वर्षी याच फोनवर तिने दहावीचे ऑनलाईन तास घेतले होते. दोन डब्यांवर पट्टी आडवी ठेवायची, पट्टीवर फोन पालथा, खाली वही. वहीवर आकृती काढत बोलायचं. जी मुलं तासाला येऊ शकत नव्हती त्यांच्यासाठी ती प्रत्येक तास रेकॉर्ड करून ठेवायची. अख्खी भूमिती त्या फोनमध्ये होती. फक्त शेवटचं प्रकरण नव्हतं, कारण तोवर फोन भरून गेला होता.

तिने एक तास लावला. पडद्यावर तिचा हात, दोन बांगड्या, वही. आणि आवाज. "चला, कोण कोण आलंय? दिसत न्हाई मला, पण बोला."

समोर शांतव्वा खुर्चीत बसलेली, ओठ मिटलेले, आणि तिचा तो भरलेला आवाज माझ्या खोलीभर. दोन मिनिटांनी तिनेच आवाज कमी केला.

मी तिला वारणानगरची गोष्ट सांगितली. दुपारचा प्रयोग होता, कारखान्याची पाळी सुटली की लोक येणार होते. पहिल्याच अंकात माझा घसा बसला. श्वास बाहेर यायचा, शब्द नाही. आमचा प्रॉम्प्टर केरबा विंगेत वही घेऊन उभा असायचा. मी त्याला खूण केली. उरलेले दोन अंक संवाद केरबाने विंगेतून म्हटले आणि मी नुसते ओठ, हात आणि डोळे चालवले. लोकांना काही कळलं नाही असं मी म्हणणार नाही. पुढच्या रांगेतला एक जण ओरडला, "पावणं, त्वांड हिकडं आन् आवाज तिकडं!" पण कुणी उठून गेलं नाही.

"आवाज विंगेतून येऊ दे," मी तिला म्हणालो. "तू मात्र रंगमंच सोडू नकोस. ते एकदा सोडलं की संपलं."

तिने पाटीवर लिहिलं, "उद्या तुम्ही पण या."

तास टीव्हीवर लावून द्यायला अस्मिता आली, शाळेची संगणक शिक्षिका. पंचविशीतली चटपटीत पोर. तासानंतर मुलांना टॅबवर पाच प्रश्न यायचे तेही तिनेच बसवलेले. बरोबर आलं की हिरवी पट्टी, चुकलं की लाल. मी मागच्या बाकावर बसलो. शांतव्वा टीव्हीशेजारी उभी राहिली, हातात खडू.

टीव्हीतली शांतव्वा म्हणाली, "राजवीर, तुझा माईक बंद कर. तुझ्या घरातल्या कुकरची शिट्टी सगळ्या दहावीला ऐकू येतीया."

वर्गात खसखस पिकली. "बाई, ह्यो राजवीर कोण ओ?" एकाने विचारलं. शांतव्वाने फळ्यावर लिहिलं, 'तुमच्या आधीचा. आता इंजिनिअर होतोय.' पुन्हा हशा.

मग टीव्हीतली म्हणाली, "वर्तुळाला स्पर्शिका काढली. स्पर्शबिंदूपाशी त्रिज्या काढली. दोघींत कोन केवढा? अवंतिका, तू सांग."

आणि शांतता. टीव्हीत कुणी बोलेना. बिचाऱ्या त्या अवंतिकाला रेंज नसावी. वर्गातली मुलं टीव्हीकडे बघायची, मग शांतव्वाकडे, मग एकमेकांकडे. शांतव्वा हलली नाही. शेवटी दुसऱ्या बाकावरची शिवांजली नावाची मुलगी उठली. "बाई, ती अवंतिका बोलंना झालीया. मी सांगू काय? नव्वद अंश."

तिकडे त्या अवंतिकाने उत्तर लिहून पाठवलं असावं. नेमका तेव्हाच टीव्हीतला आवाज म्हणाला, "शाब्बास! कसं काय गं?"

शिवांजली दचकली. अख्खा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. पाच वर्षांपूर्वीची शाबासकी या पोरीला मिळाली होती.

त्या दिवसापासून वर्गाने भूमिका वाटून घेतल्या. शिवांजली ही अवंतिका झाली. सयाजी नावाचा एक दांडगा मुलगा राजवीर झाला, तो शिट्टीही हुबेहूब काढायचा. आम्ही नाटकवाले म्हणतो तशी ही बदली पात्रं. जुन्या वर्गातला जो कुणी गप्प बसायचा, त्याची जागा इथला कुणीतरी उठून भरायचा. ऑगस्टभर टॅबवरच्या पट्ट्या हिरव्या होत्या. शांतव्वा जिन्यात थांबायची तेव्हा थकलेलीच असायची, पण पिशवी खांद्यावर घेताना मला हात करायची.

मग अस्मिताने एक भलं काम केलं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमच्या तासांत मधे मधे केवढी रिकामी जागा हाय. कुणीच बोलत न्हाई, नुसती वही दिसतीया. मुलं कंटाळत असतील. मी साफ करून देते." एक ॲप होतं. त्यात रेकॉर्डिंग घातलं की जिथं जिथं कुणी बोलत नाही ती जागा ते आपोआप कापून टाकायचं. अस्मिताने अख्खा रविवार त्यात घातला. त्रेचाळीस मिनिटांचा तास एकवीस मिनिटांवर आला. जुना फोन भरल्यामुळे सारखा अडत होता, म्हणून तिने मूळ तास पुसूनही टाकले. शांतव्वाने तिला पाटीवर 'देव तुझं भलं करो' असं लिहून दाखवलं. वाचलेल्या वेळात जास्त उदाहरणं सोडवून घेता येतील, म्हणून तीही खूश होती.

पुढच्या पंधरा दिवसांत पट्ट्या लाल व्हायला लागल्या. आधी चार-पाच, मग अर्ध्या, मग बहुतेक सगळ्या. शांतव्वाने तोच तास दोनदा लावून बघितला. आकृत्या फळ्यावर मोठ्या काढल्या. शाळा सुटल्यावर मुलांना थांबवून एकेकाच्या वहीत लिहून समजावलं. घरी यायला सात वाजायला लागले. जिन्यात आता ती कठड्यावर डोकं टेकवायची.

सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी तिने माझ्या हातात कागद दिला. रजेचा अर्ज. 'प्रकृतीच्या कारणास्तव इयत्ता दहावीचा वर्ग सोडत आहे.' सहामाही तीन आठवड्यांवर आली होती. फोनवर तिने टाईप केलं, "चुका बघा फक्त. उद्या देणार. सरांनी काढून घेण्यापेक्षा आपण सोडलेला बरा."

मी चष्मा लावून वाचलं. चूक नव्हती. म्हणालो, "अर्ज परवा दे. उद्या मला वर्गात येऊ दे."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मागच्या बाकावर. टीव्ही सुरू झाला आणि पाच मिनिटांत मला आजऱ्याचा एक प्रयोग आठवला. परतीची एसटी पाचची होती आणि प्रयोग सुरू व्हायलाच उशीर झालेला. मालक म्हणाले, पळवा. आम्ही तीन अंक पळवले. एक संवाद गाळला नाही, एक शब्द गाळला नाही. आणि त्या दिवशी लोक एकदाही हसले नाहीत, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. गाडीत बसल्यावर केरबा म्हणाला होता, "शब्द सगळे दिलेसा, पण लोकांना घ्यायला सवडच दिली न्हाईसा."

टीव्हीतली शांतव्वा विचारत होती, "कोन केवढा? अवंतिका, तू सांग. शाब्बास! कसं काय गं? कारण त्रिज्या..." शिवांजली अर्धी उठायची आणि बसायची. सयाजीने तर उठणंच सोडलं होतं. मुलं टीव्ही बघावा तसा टीव्ही बघत होती.

तास संपल्यावर मुलं बाहेर गेली. मी विचारलं, "शांतव्वा, प्रश्न विचारल्यावर तू किती थांबायचीस?"

तिने दहा बोटं दाखवली.

"दहा सेकंद?"

तिने मान हलवली. नाही. मग खाली बसून तिने फोनवर जे टाईप केलं ते मी अजून ठेवलंय. तिच्या वडिलांचं, बसलिंगाप्पांचं, गावात किराणा दुकान होतं. शाळेतून आली की शांतव्वा दुकानात बसायची. गिऱ्हाइकाची पुडी बांधताना अप्पा तिला तोंडी हिशेब घालायचे आणि पुडीवर दोरा गुंडाळायला लागायचे. दहा वेढे. वेढे मोजायचे कन्नडमध्ये, पुटपुटत. ओंदू, येरडू, मूरू. दहा वेढे पुरे होईपर्यंत ते उत्तर सांगायचे नाहीत, रागवायचे नाहीत, तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. 'गिऱ्हाईक घाई करायचं. अप्पा म्हणायचे, थांबा, पोरगी येतीया. उत्तर आठव्या-नवव्या वेढ्याला यायचं. मी तेहतीस वर्षं वर्गात तेच करते. प्रश्न विचारते आणि मनात दहा वेढे मोजते.'

"मग ते वेढेच कापले गेलेत," मी म्हणालो.

तिने टीव्हीकडे बघितलं. मग कपाळावर हात मारला. इतके दिवस स्वतःचाच आवाज ऐकत होती, पण स्वतःचं थांबणं तिला कधी ऐकूच आलं नव्हतं.

अस्मिताला कळलं तेव्हा ती रडायलाच लागली. "मॅडम, मी सगळं पुसलं ओ. परत न्हाई मिळायचं. काय करून बसले मी!"

शांतव्वाने तिला जवळ घेतलं आणि पाटीवर लिहिलं, 'तू नसतीस तर टीव्ही चालूच झाला नसता. मला रिमोट शिकव.'

दुसऱ्या दिवशी शांतव्वा टीव्हीशेजारी उभी राहिली ती एका हातात खडू आणि दुसऱ्यात रिमोट घेऊन. प्रश्न आला. तिने बटण दाबलं. पडद्यावर तिचाच हात वहीवर थिजला. मग खडू-रिमोट टेबलावर ठेवून तिने तो खरा हात वर केला आणि एकेक बोट मिटायला लागली. सावकाश. एक हात झाला की दुसरा. मुलांना आधी कळेना. सयाजी पुटपुटला, "बाई, टीव्ही अडकला." कुणीतरी त्याला दटावलं, "गप की रं, बाई थांबल्यात." सहाव्या बोटाला शिवांजली उभी राहिली. चुकीचं उत्तर दिलं. शांतव्वाची बोटं मिटतच राहिली. नवव्याला दुसरा एक उठला. बरोबर. तिने बटण दाबलं आणि टीव्हीतली शांतव्वा म्हणाली, "शाब्बास!"

सोपं नव्हतं ते. प्रत्येक तासाला पंचवीस-तीस वेळा बटण. जरा उशीर झाला की टीव्ही उत्तर सांगून मोकळा. म्हणून ती आदल्या संध्याकाळी घरी पूर्ण तास ऐकायची आणि प्रश्न कुठे येतो ते मिनिट-सेकंदासह कागदावर टिपून ठेवायची. कागद म्हणजे तो रजेचा अर्ज. पाठकोरा होता, वाया कशाला घालवायचा, असं तिचं म्हणणं. आठवड्याभरात मुलं तिच्या बोटांबरोबर ओठ हलवायला लागली. तिने एकदा फळ्यावर अप्पांचे आकडे लिहून दाखवले होते. शाहूपुरीतली पोरं कन्नडमध्ये मोजायला लागली. नाल्कू, ऐदू, आरू.

सहामाहीचा निकाल लागला तेव्हा गुरुप्रसाद सर जिन्यातच भेटले. माझ्याच दारासमोर, शांतव्वा कठड्याला धरून उभी असताना. म्हणाले, "बाई, वर गेलाय असं मी म्हणणार न्हाई. पण घसरला न्हाई वर्ग. हाय तिथं हाय. मार्चपर्यंत तुमचाच." मग माझ्याकडे वळून, "आण्णा, तुम्ही फुकट तासाला बसताय, फी भरा की."

शांतव्वा हसली नाही. नुसती मान हलवली आणि जिना चढायला लागली. एवढी दमली होती की आनंद वाहून न्यायलाही बळ नसावं.

सहा आठवड्यांचं मौन लांबत गेलं आणि नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की आवाज पूर्वीसारखा होणार नाही. दिवसाला वीस मिनिटं, हळू, एवढंच बोलायचं. ती वीस मिनिटं ती जपून ठेवते. मुलीशी फोनवर लिहून बोलते, भाजीवालीला बोट दाखवते. जिन्यात माझ्याशीही बोलत नाही. मला वाईट वाटत नाही. तिची वीसच्या वीस मिनिटं कुणासाठी राखलीत ते मला माहीत आहे.

जानेवारीत शेवटचं प्रकरण आलं. महत्त्वमापन, त्यातला शंकुछेद. याचं रेकॉर्डिंग नव्हतंच. गुरुप्रसाद सरांनी विचारलं, "एवढ्यापुरता कंपनीचा तास लावू काय?" तिने मानेनेच नको म्हटलं. सकाळी शाळेला जाताना तिच्या हातात घरची स्टीलची बादली होती.

त्या दिवशी मी गेलो नाही. गुडघा दुखत होता, आणि खरं सांगायचं तर मला बोलावलंही नव्हतं. काय झालं ते संध्याकाळी अस्मिताने सांगितलं. शांतव्वाच्या बादलीची कडी निखळली होती म्हणून अस्मिताच ती घेऊन तिच्याबरोबर आली होती.

टीव्ही बंद होता. शांतव्वाने बादली टेबलावर ठेवली आणि त्या घोगऱ्या, फाटक्या आवाजात विचारलं, "शंकूचं टोक कापलं. खाली काय उरलं?" शेवटच्या बाकापर्यंत तो आवाज पोहोचत नव्हता. मागच्या मुलांनी बाक उचलले आणि पुढे आणून लावले. फरफटवले नाहीत, उचलले. पंखे बंद केले. मग शांतव्वा थांबली. तिने हात वर केलाच नाही. बोटं मुलांची मिटत होती, बाकाखाली, मांडीवर.

"सातव्याला सयाजी उठला," अस्मिता म्हणाली. "म्हणाला, बाई, बादली उरली की!"

शांतव्वा कठड्याला धरून हे ऐकत होती. तिने पिशवीतून रिमोट काढला आणि माझ्या हातात दिला. वीसातलं काहीतरी शिल्लक राहिलं असावं.

"शाळेचा हाय, आण्णा. चुकून पिशवीत आला," ती म्हणाली. "उद्या तासाला येताना घेऊन या. आज लागला न्हाई."

अस्मिताने बादली उचलली. दोघी वर निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर शांतव्वाची पावलं थांबली. मी दारात रिमोट धरून उभा होतो. मनात मोजायला लागलो, ओंदू, येरडू, मूरू. आठव्याला पावलं पुन्हा वाजली आणि मी दार लावून घेतलं.